लाजेचे दिवस

अब्रूचे भय कित्येकदा चोराच्या पथ्यावर पडते. आमच्या हैदराबादेत सुलतान बाजारातील एका निर्व्यसनी गृहस्थांच्या क्रेडिट कार्डावर कोण्या मद्यालयाचे बिल चढले. देवळात हे कळले तर लोक काय म्हणतील, या चिंतेने त्यांनी दोन दिवस घरीही वाच्यता केली नाही. मी म्हटले, “काका, आपले आचरण येथे कोणी पुसत नाही. दोष तिऱ्हाइताचा असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळविले, तर ग्राहकाचे दायित्व शून्य, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरविले. दायित्व सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला.” त्याच दुपारी कार्ड बंद करविले, लेखी तक्रार देऊन पोच घेतली. सज्जनांनी इतके ध्यानी ठेवावे, की लाजेत गेलेला दिवस मुदतीतूनच वजा होतो.