चित्र ऊनं का?

गेल्या उन्हाळ्यात जुनी विहीर बुजवायची म्हणून तिच्यातला पाइप वर काढला. दोन इंची जीआय पाइप, वीस-वीस फुटांचे दोन तुकडे, मध्ये सॉकेट. गंजून पापुद्रे निघाले होते. भंगारवाला वजनकाटा लावत होता तेव्हा माझं लक्ष वरच्या टोकाकडे गेलं. तिथं तारेनं आवळल्याचे तीन वळ अजून दिसत होते. मोटारीच्या पाइपाला तिथं तार आवळायचं काही कारण नसतं. मी भंगारवाल्याला म्हटलं, हा तुकडा राहू दे.

हा पाइप विहिरीत उतरण्याआधी सहा महिने आमच्या अंगणात उभा होता, आणि त्याच्या टोकावर माझ्या थोरल्या भावाची मुंबई होती.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. घर धाब्याचं, म्हणजे लाकडी सरे, वर काटक्या आणि त्यावर खारी माती. उन्हाळ्यात माय त्याच धाब्यावर बिबडे आणि कुरडया वाळत घालायची. गावात तेव्हा टीव्ही नव्हता. १९८४ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींचा अंत्यविधी पाहायला गावातली पाच-सहा माणसं मुद्दाम जळगावला नातेवाइकांकडे गेली होती. त्यात आप्पा, म्हणजे आमचे वडील होते. आले ते दोन दिवस तेच सांगत राहिले. त्या साली केळीला भाव बरा मिळाला आणि घरात शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला.

टीव्ही आला, पण चित्र कुठून आणायचं? त्या दिवसांत सरकारनं देशभर लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रं उभी करायचा सपाटा लावला होता. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायचा आणि आजूबाजूला सोडायचा, असं ते यंत्र. शंभर वॅटचं. तेवढ्यात वीसेक किलोमीटरचा टापू उजळतो. जळगाव आमच्यापासून सरळ रेषेत त्याच्या दुप्पट. म्हणजे आमच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. काळ्या-पांढऱ्या मुंग्यांचं वारूळ फुटावं तसा पडदा आणि पाऊस पडल्यासारखा आवाज.

भाऊ तेव्हा बारावीत नापास होऊन घरी बसला होता. चोपड्याला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचा. मालक पगार देत नव्हता, पण हात लावू देत होता. त्या दुकानात भाऊ अँटेना शिकला. मागची काडी लांब, ती परतवते. मधली वाकवलेली, ती पकडते, तिलाच चपटी वायर जोडायची. पुढच्या काड्या आखूड होत जातात, त्या दिशा दाखवतात. काडीची लांबी चॅनेलवर ठरते. पहिला अँटेना त्यानं बांबूवर चढवला, बूस्टर लावला आणि जळगाव आणलं. निम्म्या मुंग्या, निम्मं चित्र. तेवढ्यावर गाव खूश झालं.

आप्पा मात्र नव्हते. दिल्लीचं हिंदी त्यांना समजायचं, पण ते ऐकून ते म्हणायचे, "आपली केळी रेल्वेनं दिल्लीला जाते, तिथला भाव आपल्याला दिल्लीवाला सांगतो, आता बातम्याही तोच सांगणार." घरात आम्ही अहिराणी बोलायचो. शाळेत पुस्तकाची मराठी. आणि पडद्यावर हिंदी. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधी जयंतीला सुरू झालं होतं. तिथं मराठी बातम्या लागतात, मराठी नाटकं लागतात, 'आमची माती आमची माणसं' नावाचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागतो, हे आम्ही पेपरात वाचायचो. लागत होतं ते मुंबई-पुण्याला.

भावाच्या डोक्यात तिथून मुंबई शिरली.

मुंबई म्हणजे आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री आडवा. वरळीचा मनोरा कितीही उंच असला तरी त्याची सरळ नजर ऐंशी-नव्वद किलोमीटरवर संपते, पुढे पृथ्वीचीच गोलाई आड येते. दुकानाचा मालक हसला. पण भाऊ म्हणाला, आप्पांनी रेडिओ सिलोन नाही ऐकला का? तोही समुद्रापलीकडून यायचा. मालकानं सांगितलं, रेडिओची शॉर्टवेव्ह आभाळाला आपटून खाली येते, टीव्हीची लहर आभाळ फोडून निघून जाते. भावाला ते पटलं नाही.

मुंबईचा चॅनेल चार नंबरचा. त्याच्या काड्या साडेसात फूट लांब. अॅल्युमिनियमच्या नळ्या त्यानं जळगावच्या भंगार बाजारातून आणल्या. असा पाच काड्यांचा अँटेना बांबू पेलणार नव्हता. दिवाळीच्या आधी आप्पांनी विहिरीसाठी दोन पाइप आणून ठेवले होते, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटार उतरवायला. भाऊ मायला म्हणाला, हिवाळाभर तर ते पडूनच आहेत. आप्पांना कोणी विचारलं नाही. ते धुळ्याला लग्नाला गेले होते, आले तेव्हा अंगणात चाळीस फुटी पाइप उभा. बूड फुटक्या उखळात, चारी बाजूंनी तारांचे ताण. आप्पांनी वर पाहिलं, पाइपाला हात लावून हलवून पाहिला आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत.

रोज संध्याकाळी भाऊ धाब्याच्या कडेला पाइप पाना घेऊन उभा राहायचा. मी आत टीव्हीसमोर. भिंतीवर त्यानं गेरूनं दोन खुणा केल्या होत्या, आग्नेयेला 'ज' आणि नैर्ऋत्येला 'मुं'. पाना फिरला की वरून हाक, "चित्र ऊनं का?"

"नही!"

"आते?"

"आखो जराखा... बस बस बस... गयं!"

नोव्हेंबर गेला. मुंबईच्या नावानं एक रेघ आली नाही. गावातली पोरं भावाला 'मुंबईवाला' म्हणायला लागली. आप्पा जेवताना मला विचारायचे, "मुंबईना काय भाव शे?" भाऊ खाली मान घालून भाकरी मोडायचा.

डिसेंबरातली गोष्ट. कपाशीची वेचणी चालू होती. मायनं चूल पेटवली होती. भाऊ धाब्यावरून गावाकडे पाहत होता. साऱ्या घरांचा धूर वर जायचा सोडून छपरांच्या उंचीवर आडवा पसरला होता. जणू कोणी गावावर गोधडी अंथरली. त्या संध्याकाळी मी चार नंबरवर बटण ठेवून बसलो होतो आणि मुंग्यांच्या आत एक माणूस हलला. आधी खांदा, मग तोंड. आवाज नव्हता. मी ओरडलो. भावानं पाना सोडून दिला, हात लावला तर जाईल म्हणून. मग आवाज आला, तुटक तुटक, आणि तो मराठीत होता.

दहा-बारा मिनिटं राहिलं. मग मुंग्यांनी खाल्लं.

भावानं वही केली. तारीख, वेळ, वारा, धुकं, धूर. दोन महिन्यांत वहीतून एक गोष्ट निघाली. ज्या संध्याकाळी वारा पडलेला असतो, थंडी एकदम उतरते आणि धूर आडवा पडतो, त्याच संध्याकाळी मुंबईची काही आशा असते. ह्यामागचं शास्त्र मला पुढे कॉलेजात कळलं. थंड रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर गरम हवेचा थर बसतो. तो धुराला वर जाऊ देत नाही, आणि दूरच्या लहरीलाही वर निसटू न देता वाकवून जमिनीच्या गोलाईबरोबर पुढे नेतो. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधलं आमचं तापीचं खोरं म्हणजे असा थर बसायला चांगलं भांडंच. भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला धूर ठाऊक होता. आणि मायला. ती चुलीपुढून उठून बाहेर यायची, आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "धूर आडवा पडना रे, तुनी मुंबई येई आज."

जानेवारीतल्या अशाच एका संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागलं. आप्पा ओट्यावर होते. मी त्यांना बोलवायला गेलो नाही, तेच आवाज ऐकून दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर द्राक्षाच्या मांडवाखाली एक शेतकरी उभा होता, टोपी घातलेला, हातात कात्री. चित्र डोलत होतं, मध्येच आडवं फाटत होतं. तो माणूस मराठीत छाटणीचं सांगत होता. आप्पा खाली बसले. संपेपर्यंत बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "केळीनं कधय सांगतीन ह्या?"

हे ते मला म्हणाले नव्हते. धाब्याच्या बाजूला तोंड करून म्हणाले होते. वरून उत्तर आलं नाही, पण भावानं ऐकलं. त्या रात्री दोघं एका ताटावर नाही, तरी एका वेळी जेवले. माय मला म्हणाली, तुझ्या बापानंही लग्नाच्या आधी सिलोनसाठी निंबावर तार बांधली होती, दर बुधवारी बिनाका ऐकायला. एकदा फांदीसकट खाली आला. ही गोष्ट आप्पांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती.

सारा हिवाळा मिळून मुंबई आठ-नऊ वेळा आली असेल. फेब्रुवारी सरला, ऊन तापलं, धूर सरळ वर जायला लागला. मुंबई गेली.

मे महिन्यात विहिरीचं पाणी झपाट्यानं खाली गेलं. मोटार हवा ओढायला लागली. केळी निसवणीवर होती, पाण्याचा एक फेरा चुकला तर घड बसतात. मला दिसत होतं, आप्पा दोन दिवस अंगणातल्या पाइपाकडे बघतात आणि बोलत नाहीत. शेतातला जुना पाइप कुठे जोडून चालतो का ते त्यांनी पाहिलं, उसना मागून पाहिला. कोणाकडे नव्हता, साऱ्यांच्याच विहिरी खाली गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गंमत झाली. सूर्य मावळायला होता, गरमी मरणाची. भाऊ काही कारण नसताना चार नंबर लावून बसला होता. एकाएकी मुंग्या फाटल्या आणि स्वच्छ चित्र आलं. जळगावचंही कधी तसं आलं नव्हतं. एक बाई बोलत होती आणि खाली वळणावळणाची अक्षरं. आम्हाला एक शब्द कळेना. गुरुजींना पळत बोलावून आणलं. ते म्हणाले, ही तमिळ, मद्रास असावं. हजार किलोमीटर! उन्हाळ्यात कधी कधी शंभर किलोमीटर उंचीवर आभाळाचा एक पट्टा असा दाट होतो की टीव्हीची लहरही त्याला आपटून खाली येते. म्हणजे सिलोनबद्दल भाऊ म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं. अर्ध्या तासानं ती बाई गेली.

गुरुजींनी त्याची पाठ थोपटली. भाऊ म्हणाला, "मद्रास ऊनं, मुंबई ऊनी नही." आणि उठला.

आप्पा दारात उभे होते. माझ्याकडे न बघता, थेट त्याला म्हणाले, "सकाय पाइप लागी."

सहा महिन्यांत त्यांनी त्याला बोललेलं हे पहिलं वाक्य. भावानं मान हलवली. सकाळी मी उठलो तेव्हा ताण सुटलेले होते, अँटेना धाब्यावर आडवा ठेवलेला होता आणि पाइप बैलगाडीवर. त्यानं कोणालाही हात लावायला बोलावलं नव्हतं. मोटार खाली उतरली, पाणी लागलं, केळी वाचली. भिजवणीला रात्रभर दोघं सोबत होते. काय बोलले मला माहीत नाही.

जूनमध्ये भाऊ सुरतला गेला. आमच्याकडची पोरं तेव्हाही सुरतलाच जायची, उधन्याला, लिंबायतला, लूमवर. त्याचं पहिलं पत्र पंधरा दिवसांनी आलं. बारा तासांची पाळी, खोलीत सहा जण. खाली एक ओळ होती : "इथं खोलीमालकाच्या टीव्हीवर मुंबई येते. मुंग्या असतात, पण येते. समुद्रकाठची हवा."

पुढच्या जानेवारीत रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी अंगण भरून माणसं यायची, चपला मोजता येत नसत. अँटेना परत बांबूवर, परत जळगावकडे, पाना माझ्या हातात. आणखी काही वर्षांनी मुंबईचे मराठी कार्यक्रमही जळगावच्या केंद्रावरून यायला लागले, त्यांना धुराची गरज उरली नाही. आणि आता तर दूरदर्शननं ती जुनी केंद्रंच बंद केली आहेत.

पण त्याच जानेवारीतली एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. धूर आडवा पडला होता. मायनं पाहिलं, बोलली नाही. आप्पा ओट्यावरून उठून आत आले आणि मला म्हणाले, "सुरत लागत नही का रे?"

मी म्हटलं, बांबू कमी पडतो आप्पा, आणि सुरतचं केंद्र लहान आहे, तीही मुंबईसारखी कुठं येणार?

"करी दख."

मी वर गेलो. बांबू पश्चिमेला फिरवला. सुरतसाठी भिंतीवर खूण नव्हती, सूर्य बुडाला त्या अंदाजानं फिरवला. खालून काही आवाज येईना. मी हाक मारली, "चित्र ऊनं का?"

उत्तर आलं नाही म्हणून खाली उतरलो. पडद्यावर मुंग्या होत्या. आप्पा समोर मांडी घालून बसले होते आणि मुंग्यांकडे पाहत होते. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."