कर्नलची पाठ

कर्नल माझ्याकडं पाठ करून बसतो. मी सकाळी लॅपटॉप उघडला की तो उठणार, उंबऱ्यापाशी जाणार, तीन पायांवर स्वतःला नीट लावून घेणार आणि अंगणाकडं तोंड करून बसणार. व्हिडिओ कॉलवर टीममधलं कुणीतरी म्हणतं, ‘अरे मागं कुत्रा आहे का? चेहरा दाखव ना त्याचा.’ मी हाक मारतो. एक कान मागं वळतो, बाकी काही वळत नाही.

पहिले सहा महिने मला वाटायचं, हा माझ्यावर रागावलाय. रागवायला कारणही होतं. त्याचा मागचा उजवा पाय कापायच्या कागदावर सही माझी होती.

गोष्ट नोव्हेंबर २०२१ ची. लॉकडाउनपासून मी टेंभुर्णीत घरूनच काम करत होतो. टेंभुर्णी म्हणजे पुणे-सोलापूर हायवेवरचं चौकाचं गाव. इथून पंढरपूरला रस्ता फुटतो, करमाळ्याला फुटतो, कुर्डुवाडीला फुटतो. उजनी धरण जवळ, त्यामुळं चहूकडं ऊस. दिवाळी झाली की कारखाने पेटतात आणि हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सुरू होतात. मागं लाल दिवा नाही, पुढं मात्र स्पीकर हिंदकळेल एवढं गाणं. त्या रात्री अकराच्या सुमारास मित्राला सोडून परत येताना सर्व्हिस रोडच्या कडेला काहीतरी हललं. मोबाईलच्या उजेडात बघितलं तर तांबूस रंगाचा उंच कुत्रा. निमुळतं तोंड, खोल छाती, पण अंगावर केस दाट. मागचा पाय नुसता कातड्याला लोंबत होता.

मी हात लावला, तो चावला. चूक माझीच होती. डॉक्टरांनी इंजेक्शनांचे दिवस लिहून दिले: ०, ३, ७, १४, २८. शून्यापासून मोजणारा वैद्यकीय कागद बघून त्या अवस्थेतही बरं वाटलं.

मित्राच्या पिकअपमधून पहाटे त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले पाय वाचत नाही. त्याचं कूळ विचारलं तर म्हणाले, ‘कारवानी आहे थोडा, बाकी गावठी. आणि धनगराचा आहे हा, नक्की.’ तिथंच बाकड्यावर बसून मी इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली. रक्ताळलेल्या पायाचा फोटो, खाली ओळ: ‘चालता येईना म्हणून मेंढपाळांनी रस्त्यावर टाकून दिलेला जीव.’ मी बघितलं नव्हतं कुणी टाकून देताना. पण ओळ लिहिताना ती खरीच वाटत होती, आणि संध्याकाळपर्यंत ती शेकडो लोकांनी शेअर केली होती. माणूस म्हणायच्या लायकीची नाहीत ही लोकं, अशा कॉमेंटी होत्या. मी त्यांना लाईक देत होतो.

तिसऱ्या दिवशी आण्णा दवाखान्यात आले. आमच्या आण्णांनी कधी कुत्रं ओट्यावर चढू दिलेलं नाही. ते येतील हेच मला अपेक्षित नव्हतं. पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मग काउंटरवर जाऊन चौदा हजार रुपये भरले, न विचारता. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, ‘घरी आण त्याला. पावसापाण्याचं कुठं जाईल.’ नोव्हेंबरात कसला पाऊस, असं माझ्या मनात आलं, पण बोललो नाही.

नाव मी ठेवलं, कर्नल. मला लिनक्सचा कर्नल म्हणायचं होतं, म्हणजे सगळ्याच्या तळाशी गप काम करत बसणारा. गावानं त्याला फौजेतला कर्नल केलं. एक पाय गेलेला म्हटल्यावर ते बसलंही चपखल. चंपाषष्ठीला आईनं भरीत-रोडग्याचा पहिला घास त्याच्यापुढं ठेवला आणि कपाळाला भंडारा लावला. देवघरातल्या तसबिरीत खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा आहेच. आईच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता.

माझा मात्र नव्हता. पुण्यातला सहकारी म्हणाला, मेंढपाळाचा म्हणजे बॉर्डर कॉली मिक्स असेल, बॉल टाकून बघ, वेडा होईल. मी बॉल टाकला. कर्नलनं बॉल कुठं गेला ते बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग बांधावर जाऊन बसला. पाठ करून.

तेव्हा वाचायला लागलो. आपल्या डोक्यात मेंढ्यांचा कुत्रा म्हणजे इंग्रजी सिनेमातला, मेंढ्यांना वळसे घालून हाकणारा. त्या कामाच्या स्पर्धा वेल्समधल्या बाला गावी १८७३ सालापासून भरतात. बॉर्डर कॉलीचं सगळं कसब शिकारीच्या अर्ध्यावर थांबवलेल्या चालीत आहे: रोखून बघायचं, दबा धरायचा, धावायचं, पण चावायचं नाही. मेंढ्या त्याला भिऊन सरकतात. राखणीच्या कुत्र्याचं उलटं. त्याला मेंढ्या भीत नाहीत. तो पिल्लू असल्यापासून, डोळे उघडल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत, मेंढरांतच वाढतो आणि ती त्याची माणसं होतात. काश्मीरचा बकरवाल, हिमाचलात गद्द्यांबरोबर असणारे कुत्रे, सगळे या जातीचे. जातीचे म्हणजे कामाच्या जातीचे. आपल्याकडं मेंढरं हाकायचं काम धनगर स्वतः करतो, शिट्टीनं, हाळीनं, जिभेच्या टाळीनं. कुत्र्याचं काम सूर्य बुडाल्यावर सुरू होतं.

२००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली होती. त्यात हिमालयातला मेंढपाळी कुत्रा आहे, मुधोळ हाउंडही आहे. वाड्यावरचं कुत्रं नाही. ते कुणी ठरवून पैदास केलेलं नसतं. ज्याला झोप लागत नाही आणि जे कोकरू खात नाही ते वाड्यावर टिकतं.

हे सगळं मला माहीत झालं होतं, तरी पाठीचा अर्थ लागला नव्हता.

२०२३ ची दिवाळी झाल्यावर आमच्या कॅनॉलकडच्या रानात वाडा उतरला. सांगोला-माण भागातले वाडे पावसाळा संपला की पाण्याच्या दिशेनं सरकतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही भीमेच्या काठानं आमच्याकडं येतात. शेतकरी रानात मेंढरं बसवतो. लेंडीखत आणि मूत यांचा जोर युरियाच्या पोत्यात नाही, असं आण्णा म्हणतात. त्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे. त्या वर्षी आण्णांनी स्वतः जाऊन वाड्याला बोलावून आणलं होतं. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

संध्याकाळी मी कर्नलला घेऊन रानात गेलो. दोन घोड्यांवरून बिऱ्हाड उतरत होतं. बायका तीन दगडांची चूल मांडत होत्या. वाघर लावायचं काम चाललं होतं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर बांधायची जाळी. कर्नल थांबला. नाक वर केलं. घशातून असा बारीक आवाज काढला की दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

‘तांब्या?’ वाघरीमागून म्हातारा म्हणाला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. तीन पायांवर ते कुत्रं पळालं, पडलं, परत पळालं. म्हाताऱ्यानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मग मागच्या अंगाला हात फिरवत गेला, जिथं पाय नव्हता तिथं थांबला.

‘ह्यो जित्ता हाय व्हय,’ एवढंच म्हणाला.

चहा झाला. मी खरं तर तावात होतो. दोन वर्षं राखून ठेवलेला प्रश्न मी विचारला, मामा, असं टाकून जायचं असतं का मुक्या जिवाला? म्हातारा रागावला नाही. ‘टाकलं न्हाई बापू. रातच्याला कोल्ह्यामागं गेलं ते आलंच न्हाई. आमी सडकंनं हुडकलं. रगत घावलं, कुत्रं न्हाई. दोन दीस थांबायचं हुतं. पर मेंढरं दुसऱ्याच्या उसात शिरली, भांडण झालं, मालकानं रातीच उठीवलं. मालकाचं तरी काय चुकलं. वाटंवरच्या माणसानं किती थांबावं?’

मी विचारलं, कुठल्या मालकानं?

म्हातारा गप्प बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, आण्णांकडंही बघितलं नाही. आण्णा कपातला चहा संपलेला असताना कप तोंडाला लावत होते.

मला ते चौदा हजार आठवले. पिंजऱ्यासमोर उकिडवे बसलेले आण्णा आठवले. घरी येताना आम्ही बोललो नाही, नंतरही त्यावर कधी बोललो नाही. रात्री मी ती पोस्ट शोधून काढली. वाटलं, खाली खरं काय ते लिहावं. तीन वेळा लिहून खोडलं, कारण खरं लिहायचं तर आण्णांना लिहावं लागत होतं आणि त्याआधी मला. शेवटी पोस्ट पुसून टाकली. ज्यांनी शेअर केली होती त्यांच्याकडं ती स्क्रीनशॉटमध्ये अजूनही असेल.

त्या रात्री कर्नल घरी आला नाही. बाराच्या पुढं मी बॅटरी घेऊन रानात गेलो. वाघरीत मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती, म्हातारा घोंगड्यात होता. कर्नल बांधाच्या उंचवट्यावर होता. मेंढरांकडं पाठ, तोंड अंधाराकडं. दुसऱ्या बाजूला वाड्याचं दुसरं कुत्रं, तेही तसंच. दोघांच्या मध्ये दीड-दोनशे मेंढरं आणि झोपलेली माणसं.

‘आपल्या जित्राबाकडं बगत बसंल ते कसलं राखण,’ म्हातारा घोंगड्यातूनच म्हणाला. त्याला झोप लागलेली नव्हती. त्यानं मग लांडग्याच्या गोष्टी सांगितल्या. सोलापूरच्या माळावर, नान्नजच्या बाजूला अजून लांडगे आहेत. लांडगा एकटा समोर येतो, कुत्रं त्याच्या मागं जातं, आणि दुसरा पलीकडून कोकरू उचलतो. शहाणं कुत्रं लांब पळत नाही. ‘ह्यो तांब्या शाना न्हवता. म्हनून तर गेला कोल्ह्यामागं.’

मी तिथंच बसून राहिलो. घरातला उंबरा, माझी खुर्ची, लॅपटॉप, हेडफोन घालून बसलेला मी आणि अंगणाकडं तोंड केलेला कर्नल, हे सगळं त्या बांधावरून वेगळं दिसत होतं.

आठ रात्री तो कामावर गेला. दिवसा घरी येऊन मेल्यासारखा झोपायचा. आई म्हणायची, नाइट शिफ्ट लागलीय. नवव्या दिवशी पहाटे वाडा निघाला. घोडी पुढं, मेंढरं मागं, कर्नल सगळ्यांत मागं, आपल्या तीन पायांच्या उड्या मारत. मी थांबवलं नाही. त्यानंच ठरवावं असं मला वाटत होतं, किंवा मला ठरवायचं नव्हतं. कॅनॉलच्या पुलापर्यंत तो गेला. तिथं म्हातारा थांबला, वळला, आणि त्यानं ढेकूळ उचलून मारलं. नेम चांगला होता; बरोब्बर कर्नलच्या एक हात अलीकडं फुटलं. ‘हाड! जा मागारी!’ दुसरं ढेकूळ. तिसरं. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या वाड्याला तीन पायांचं कुत्रं पुरत नाही, हे तिथं फक्त कर्नललाच माहीत नव्हतं.

तो परत आला तेव्हा म्हातारा पूल ओलांडून गेला होता. चेहरा दिसला नाही, पाठच दिसली.

पुढच्या वर्षी वाडा परत आला, आठ रात्री बसला. या वर्षी माझ्या कंपनीनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मी कर्नलला पुण्यात नेऊन बघितलं. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या. रात्रभर तो दाराशी बसायचा आणि लिफ्ट उघडली की भुंकायचा. लिफ्ट दर दहा मिनिटांनी उघडायची. सोसायटीच्या ग्रुपवर आधी हसऱ्या इमोजी, मग नियमावली आली. तीन आठवड्यांत तो काटकुळा झाला. एका शनिवारी त्याला टेंभुर्णीला आणून सोडलं. सोडलं, हा शब्द लिहिताना बोट थांबलं. रविवारी संध्याकाळी मी पुण्याच्या एसटीत बसलो तेव्हा आण्णांनी त्याला पट्ट्याला धरून ठेवलं होतं. ढेकूळ मारायची वेळ आली नाही.

आता आण्णा रात्री फोन करतात. बोलत काहीच नाहीत फारसं. पाऊस, ऊस, कारखान्याचं बिल. मग म्हणतात, ‘थांब,’ आणि फोन ओट्यावर ठेवतात. रातकिडे ऐकू येतात. लांबून हायवे. कधी भुंकणं येतं, कधी येत नाही. आण्णा आता ओट्यावरच झोपतात.

काल म्हणाले, वाडा सांगोल्यातून निघालाय. मी आठ दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात निवडायला चारच पर्याय होते: आजारपण, लग्न, प्रवास, इतर. ‘इतर’ निवडल्यावर खाली खुलासा मागतात. मी लिहिलं, शेतात राखण आहे. मॅनेजरनं मंजूर केली आणि विचारलं, ‘रेंज असेल ना तिकडं?’