पडद्यावरचा दगड

माहितीपट एकट्यानं बघू नये, असं माझं ठाम मत आहे. सिनेमा एकट्यानं बघता येतो, मालिका तर भाजी निवडतानाही बघता येते. माहितीपटाला मात्र शेजारी कुणीतरी लागतं, शक्यतो आपल्याहून बरंच मोठं किंवा बरंच लहान. पडद्यावरचा माणूस सांगतो ते निम्मंच असतं. उरलेलं निम्मं खोलीत बसलेल्यांच्या पोटात असतं, आणि ते बाहेर यायला थोडा वेळ, थोडा चहा आणि ‘असं काऊन?’ म्हणून विचारणारं एखादं पोर लागतं.

आमचं धाड बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला. पुढं गेलं की भोकरदन, म्हणजे मराठवाडा. गहू-हरभरा पेरून झाला की इथल्या रात्री लांबतात. पंपाला लाइट रात्रीची असली तर माणसं तशीही जागीच असतात. ओलिताला जायला अजून तासभर आहे, तोवर टेकू, म्हणत कुणी ना कुणी आमच्याकडे येतं. अशा रात्रींसाठी मी आठवड्याची निवड करून ठेवतो. छतावरच्या छत्रीवर जे फुकट दिसतं ते, पुतण्याच्या मोबाइलवरून टीव्हीला जोडता येतं ते, असं धुंडाळून शनिवारी दोन-तीन नावं कागदावर लिहायची आणि कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. गल्लीतली पोरं तो वाचून जातात. निवडताना मी एवढंच बघतो, की टीव्ही बंद झाल्यावर माणसं बोलतील का. छायाचित्रण कितीही देखणं असो, संपल्यावर सगळे ‘चला, झोपा’ म्हणून उठणार असतील, तर तो माहितीपट माझ्या कागदावर येत नाही.

या आठवड्याचं पहिलं नाव २०२२ सालच्या बीबीसीच्या एका माहितीपटाचं आहे, ‘डायनोसॉर्स: द फायनल डे’. डेव्हिड अ‍ॅटनबरो त्यात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या तानिस नावाच्या जागी घेऊन जातात. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सुमारे दहा किलोमीटरचा दगड आकाशातून आदळला, त्या दिवशी मेलेले मासे तिथल्या गाळात सापडले, असं संशोधकांचं म्हणणं आहे. त्या माशांच्या कल्ल्यांत काचेचे बारीक मणी अडकलेले आहेत. धडकेच्या उष्णतेनं वितळून उडालेला खडक थंड होत खाली पडला, त्याचे ते मणी. माशानं श्वास घ्यायला पाणी आत ओढलं आणि मणीही आत गेले. एवढी मोठी उलथापालथ एका माशाच्या कल्ल्यात पुरावा ठेवून गेली, हे बघताना माझ्या अंगावर काटा येतो.

हा माहितीपट आम्ही आवाज बारीक करून बघतो. इंग्रजी कुणाला पुरतं कळत नाही, आणि हिंदीत केलेल्या आवृत्त्यांतला निवेदक बऱ्याचदा कुस्तीचं धावतं वर्णन केल्यासारखा ओरडत असतो. म्हणून दहावीतली एक मुलगी पाट्या आणि खालची अक्षरं वाचते आणि आपल्या बोलीत सांगत जाते. तिचं एखादं वाक्य चुकतं, एखाद्या जागी ती नुसतीच बघत राहते. पण ऐकणारे पुढं सरकून बसतात. मला विचाराल तर माहितीपटाचं मराठीकरण असंच, घरात, एकानं दुसऱ्याला सांगताना व्हायला हवं. त्यातून पुढं चांगले निवेदकही तयार होतील.

डायनोसॉरांच्या अंताची गोष्ट निघाली की दख्खनचं नाव येतंच. त्याच सुमारास आपल्याकडे जमीन फाटून लाव्हा वाहत होता. तो एकदाच आला नाही. एक थर वाहिला, निवला, त्यावर माती धरली, मग पुन्हा दुसरा आला, असं लाखो वर्षं चाललं. आज उरलेला तो खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे; पश्चिमेकडे घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते आणि पूर्वेकडे ती उतरत जाते. डायनोसॉर उल्केनं संपले की या लाव्हातून निघालेल्या वायूंनी हवामान आधीच बिघडवलं होतं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. धाड ज्यावर उभं आहे तो हाच दगड. जगभरच्या वाहिन्या ज्या भूभागाची आकृती लाल रंगानं दाखवतात, त्या रंगाच्या आत आमची मिरचीची वावरं येतात.

गेल्या खेपेला ही आकृती पडद्यावर आली तेव्हा आमच्या शेजारचे आबा सावरून बसले. त्यांचं अर्धं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलं. यारीवर उभं राहून, सुरुंग लावून, माती, मुरूम, मग दगड, असं खाली जात. ते म्हणाले, “हे तं आमाले ठावं हाये. वर काळा पाषाण लागते, घण मारला तं ठण्णकन वाजते. त्याच्याखाली मांजऱ्या. मांजऱ्यात भोकं असतात, तो मऊ राह्यते. मधात कुठं कुठं तांबडी माती लागते गेरूवानी. पाणी लागलं तं त्या जोडालेच लागते.” त्या मुलीनं लगेच मोबाइलवर शोधलं. पुस्तकातलं म्हणणंही तेच होतं. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि दोन प्रवाहांमध्ये मधल्या काळात कुजलेल्या खडकाची तांबडी माती. आबा आयुष्यभर लाव्हाचे प्रवाह मोजत खाली उतरत होते.

मग ते घरी जाऊन एक कापडात बांधलेली वस्तू घेऊन आले. मुठीएवढा काळपट दगड, त्यात एक पोकळी, आणि पोकळीत पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले पापुद्रे पंख्यासारखे उघडलेले. बोट फिरवलं की कडा लागतात आणि दिव्याकडे धरलं की मोत्यासारखी चमक येते. हे झिओलाइट. लाव्हा निवताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या जागी पुढं पाणी झिरपत राहिलं आणि त्यातल्या क्षारांचे असे स्फटिक झाले. जळगाव, संभाजीनगर, नाशिक या पट्ट्यातल्या खाणींतले आणि विहिरींतले असे नमुने जगातल्या मोठ्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेले आहेत. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच त्यांच्यासाठी उभं राहिलं. आबांकडचा तुकडा इतकी वर्षं देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात होता. त्यांनी तो विकला नाही, कारण त्याची किंमत होते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या रात्री सांगितल्यावरही त्यांनी तो परत कापडात बांधला. पडद्यावर नॉर्थ डकोटाचा मासा थांबवून ठेवलेला होता आणि खोलीतली सगळी पोरं आबांच्या मुठीवर वाकली होती.

माहितीपटावरचं हे बोलणं आधी टपालानं चालायचं. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सुरभि’नं दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या तोंडून देश दाखवला, आणि दर आठवड्याच्या प्रश्नाला इतकी पत्रं आली की टपाल खात्याला स्पर्धेसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढावं लागलं. त्याही आधी, १९४८ साली मुंबईत सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि समाचारचित्रं थिएटरात मुख्य सिनेमाआधी सक्तीनं दाखवली जायची. धरणं, पूर, संकरित बियाणं, एखादा गवई. त्या सक्तीला लोक नावं ठेवत. तरी ज्या पिढीनं समुद्र कधी बघितला नव्हता तिनं तो तिथंच पहिल्यांदा बघितला, हे मी विसरू शकत नाही.

आठवड्याचं दुसरं नाव ‘प्लॅनेट अर्थ २’. २०१६ सालच्या या मालिकेतला ‘सिटीज’ हा शेवटचा भाग बघा, कारण त्यात मुंबई आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे रात्री वस्तीच्या कडेला उतरून डुकरांची शिकार करतात, हे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं चित्रित केलं आहे. चित्र करडं, बिबट्याचं अंग उजळ, आणि मागं इमारतींच्या खिडक्या. आमच्याकडच्या बायकांना त्यात नवल वाटलं नाही. बुलढाण्याच्या जंगलपट्ट्यात बिबट्या आहे आणि अस्वलही आहे. पहाटे वावरात जाणाऱ्या बाईला बिबट्यापेक्षा अस्वलाची भीती जास्त. अस्वल कान देत नाही, वाकून खात असतं आणि एकदम समोर उभं राहतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. वाघांवरच्या माहितीपटांना तोटा नाही. या काळ्या, झिपऱ्या जनावराला आणि त्याच्या शेजारी कापूस वेचणाऱ्या बाईला पुरेसा वेळ देणारा एखादा बनवा, एवढंच मी बनवणाऱ्यांना विनवीन.

वाघाचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्याची गोष्ट कुठल्याही वाहिनीच्या तोडीची आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण नर, वनखात्याच्या नोंदीत टी१-सी१. २०१९च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला, जूनमध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगणाची हद्द, पैनगंगेचा काठ, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत वर्षाअखेरीला तो बुलढाणा-खामगाव रस्त्यालगतच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वेड्यावाकड्या वाटेनं, पुन्हा पुन्हा मागं फिरून, एकूण तीन हजार किलोमीटरवर चालला तो. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. त्याची बहुतेक वाट कुठल्याही कॅमेऱ्यात नाही. ती पट्ट्यानं पाठवलेल्या हजारो ठिपक्यांत आहे. दिवसा कपाशीत, नाल्यात, झुडपात दडायचं आणि रात्री चालायचं. ज्यांच्या वावरातून तो गेला त्यातल्या बहुतेकांना ते कधीच कळलं नाही. ज्ञानगंगा अवघी दोनशे पाच चौरस किलोमीटर, आणि त्याला तिथं मादी नव्हती. त्या ठिपक्यांचा नकाशा मी कागदाखाली लावून ठेवला आहे. पोरं बोटानं वाट गिरवतात आणि आपापल्या मामाचं गाव त्यावर कुठं येतं ते शोधतात.

तिसरं नाव लिहिताना मी दर वेळी थांबतो. दीपा भाटिया यांचा २००९ सालचा ‘नीरोज गेस्ट्स’. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या मागं फिरतात आणि कॅमेरा त्यांच्या मागं. नाव रोमन इतिहासातलं आहे. नीरोनं बागेतल्या मेजवानीला उजेड व्हावा म्हणून माणसं जाळली, असं इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवलं आहे. साईनाथ विचारतात, त्या उजेडात बसून जेवणारे पाहुणे कोण होते? प्रश्न शहरातल्या प्रेक्षकाला आहे आणि तो नेमका लागतो. आमच्या खोलीत मात्र कुणी पाहुणं नव्हतं. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पडद्यावर दिसलेल्या एका बाईबद्दल एका काकूंनी विचारलं, “त्या बाईचं पुढं काय झालं?”

मला या प्रश्नात माहितीपटांवरची सगळ्यात रास्त तक्रार ऐकू आली. विदर्भ पडद्यावर येतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी येतो. कॅमेरा अंगणात येतो, भिंतीवरचा हार घातलेला फोटो घेतो, बाईचा पदर घेतो, आणि निघून जातो. त्यानंतर तिनं बी-बियाणं उधार कुणाकडून घेतलं, सातबारावर नाव लावायला किती खेटे घातले, मोठ्या मुलीचं शिक्षण सुटलं का राहिलं, हे दाखवायला कुणी थांबत नाही. ‘नीरोज गेस्ट्स’ मला मोलाचा वाटतो आणि तो माझ्या कागदावर राहील. पण त्याच्या शेजारी दहा वर्षांनी त्याच अंगणात परत जाणारा दुसरा माहितीपट हवा. काकूंना उत्तर देणं लागतो आपण.

राहिलं लोणारचं सरोवर. ते आमच्याच जिल्ह्यात, आणि त्यावर लहान-मोठे माहितीपट भरपूर आहेत, त्यामुळे एकाचं नाव देत नाही. २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर सगळ्या जगाच्या वाहिन्यांनी ते दाखवलं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला. त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. लोणारवरचा माहितीपट बघायचा तो घरून निघण्याच्या आदल्या रात्री, आणि सकाळी गाडी काढायची. सोबत विहिरीचं काम केलेला माणूस घ्यायचा.

आम्ही आबांना नेलं. विवर एक किलोमीटर आठशे मीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल; १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि ते ज्वालामुखीचं नसून उल्केचं आहे हे नक्की व्हायला १९७०चं दशक उजाडावं लागलं. घट्ट लाव्हाच्या खडकात उल्केनं पाडलेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे इथं येतात. आबांनी आधी काठ बघितला. “थर आडवे पाह्यजे होते. हे वर उचललेले हायेत, भायेरच्या अंगाले,” ते म्हणाले. बरोबर होतं. धडकेनं काठाचे थर उचलले जाऊन बाहेर कललेले आहेत. मुलगी म्हणाली, इथल्या मातीतही त्या माशाच्या कल्ल्यात होते तसले काचेचे मणी सापडतात.

मग धारेवर आलो. काठातून गोडं पाणी बारमाही पडत असतं. आबांनी ओंजळ भरून प्यायलं, खाली उतरून सरोवराचं पाणी बोटानं जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. “वरून गोडं येते आन् खाली खारं कसं?” त्यांनी विचारलं. मुलीनं थोडा विचार करून सांगितलं, की आबा, याला बाहेर जायला वाट नाही, पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार मागंच राहतात. आबांनी मान हलवली, पण त्यांचं पुरतं समाधान झालेलं नव्हतं. “मंग इथून अर्ध्या कोसावर विहीर खंदली तं ते गोडी लागंल का खारी?” मुलीनं मोबाइल काढला आणि वर रेंज मिळते का बघायला ती काठाकडे चढू लागली.