पारिजातकाचे चौकोनी खोड

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने कविता लिहाव्यात की नाही, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते. लिहिल्याच तर त्या लपवाव्यात, हे मात्र आम्ही न सांगताच शिकलो होतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत पुढून आकृत्या असत आणि मागून कविता. मधली कोरी पाने ही सरहद्द. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, हे वाचले तेव्हा आम्हांला धीर आला. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा त्यांचा हेतू होता. आमचे लपवणे निव्वळ भित्रेपणाचे.

मागच्या पानांवरची आमची लाडकी कविता पारिजातकावर होती. पहाट, सडा, केशरी देठ, विरह, सारे यथास्थित. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी ती निवडलीही गेली होती. त्याच आठवड्यात प्रात्यक्षिकाला पारिजातकाचे कोवळे खोड आले. बटाट्याच्या फोडीत धरून ब्लेडने त्याचे पातळ छेद घेतले, सॅफ्रॅनिनमध्ये रंगवले, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवले. आणि सूक्ष्मदर्शीला डोळा लावण्याआधीच आम्ही सवयीने वहीत एक सुबक वर्तुळ काढले. सर मागे उभे होते. "खोड गोल आहे का रे? जरा बोटांत धरून फिरव," एवढेच म्हणाले.

फिरवले. चार कडा बोटांना स्पष्ट लागल्या. सूक्ष्मदर्शीत पाहिले, तर मधल्या वलयाबाहेर चारही कोपऱ्यांत वाहिन्यांचे एकेक स्वतंत्र जुडगे, आणि तेही उलटे: जलवाहिन्या बाहेरच्या अंगाला, रसवाहिन्या आतल्या. पुस्तके अशा रचनेला 'अपवादात्मक' म्हणून मोकळी होतात.

ज्या झाडाखाली लहानपणापासून फुले वेचली, ज्याच्या नावाने विरहाच्या सोळा ओळी लिहिल्या, त्याच्या फांदीला आम्ही कधी हात लावून पाहिला नव्हता. तो 'केशरी देठ'सुद्धा देठ नव्हेच. ती जुळलेल्या पाकळ्यांची नळी. असल्या तपशिलाशी कवितेला काय कर्तव्य, असे कुणी विचारील. नळीला देठ म्हणणे हा भाषेचा हक्क आहे, हे आम्हांलाही मान्य. परंतु तो शब्द आमच्याकडे झाडावरून आला नव्हता, इतरांच्या कवितांतून आला होता. जसे ते वर्तुळ आधीच्या आकृत्यांतून आले होते. वहीच्या दोन्ही टोकांना आम्ही एकच नक्कल करीत होतो, आणि एका टोकाला ती पकडली गेली होती.

आम्ही कविता परत मागितली. अंक छापायला निघाला होता. संपादक रागावले, आणि ते रास्तच होते. मित्रांनी निष्कर्ष काढला की विज्ञानाने याच्यातला कवी खाल्ला. साहित्याच्या वर्गांत आजही हा निष्कर्ष सहज ऐकू येतो. आमचा अनुभव वेगळा आहे. लिनिअसने १७५३ साली या झाडाचे जे शास्त्रीय नाव नोंदवले, त्यात 'दुःखी वृक्ष' असे शब्द आहेत. रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या झाडाकडे पाहून जे मनात आले, त्याला वर्गीकरणाच्या कोरड्या यादीतही जागा मिळाली. मग आमच्या वहीतली ती कोरी पाने कशासाठी होती?

पुढे चौकोनी खोडावर एक कविता लिहिली. ती लंगडी आहे. कुठे छापावी अशी नाही. पण त्या चार कडा तिच्यात आहेत, आणि त्या कुणाकडून घेतलेल्या नाहीत. अजूनही पारिजातकाची कोवळी काडी हाती आली की ती आधी बोटांत फिरवून पाहतो. लिहायचे की नाही, ते मग.