आधी गाऱ्हाणे, मग पैसा

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचा जो झगडा झाला, त्याच्या मुळाशी पैसा होता. युद्ध चालवायला राजाला कर हवा, आणि कर मंजूर करण्याचा हक्क कॉमन्स सभेचा. राजाच्या या अडचणीतून सभेने आपला जुना रिवाज पक्का करून घेतला: आधी रयतेचे गाऱ्हाणे ऐका, मग पैसा मागा. १६२८ साली सभेने पहिल्या चार्ल्सला पाच सब्सिड्या, म्हणजे कराच्या पाच रकमा, देऊ केल्या आणि त्यांच्या बदल्यात त्याच्याकडून ‘पिटिशन ऑफ राइट’ मान्य करून घेतले. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवायचा नाही आणि कारण दाखवल्यावाचून कोणाला कैदेत टाकायचे नाही, ही त्यातली मुख्य कलमे. पुढच्याच वर्षी, २ मार्च १६२९ रोजी, राजाने सभा तहकूब करण्याचा हुकूम धाडला. अध्यक्ष जॉन फिंच उठू लागला, तेव्हा डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या सभासदांनी त्याला धरून खुर्चीत बसवले. दाराला कुलूप लागले, बाहेर राजाचा माणूस दार ठोठावत राहिला, आणि आत सर जॉन एलियटने तयार केलेले ठराव होल्सने तोंडी सांगून आवाजी मताने संमत करून घेतले. एलियट लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात गेला आणि १६३२ साली तिथेच वारला.

चार्ल्सने त्यानंतर अकरा वर्षे पार्लमेंट बोलावले नाही. १६४० साली स्कॉटलंडच्या लढाईने तिजोरी रिकामी झाली, तेव्हा त्याला ते बोलवावेच लागले. ४ जानेवारी १६४२ रोजी पिम, हॅम्पडेन आदी पाच सभासदांना पकडायला तो शिपाई घेऊन सभागृहात शिरला. ते आधीच निसटले होते, आणि अध्यक्ष विल्यम लेंथॉलने गुडघे टेकून, पण ठामपणे, त्यांचा ठावठिकाणा सांगायचे नाकारले. पुढे यादवी युद्ध झाले, राजाचा शिरच्छेद झाला, राजेशाही गेली आणि परतली. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने शेवटी दोन गोष्टी कायद्यात बसवल्या. पार्लमेंटमधल्या भाषणाबद्दल सभासदाला बाहेरच्या कोणत्याही न्यायालयात जाब विचारता येणार नाही, आणि पार्लमेंटच्या मंजुरीवाचून राजाला पैसा उभारता येणार नाही. या दोहोंपैकी पहिल्या हक्काला जोर आहे तो दुसऱ्यामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा इतिहास पुण्याच्या कॉलेजांत शिकवला जात होता. फर्ग्युसन कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले स्वतः इतिहास आणि अर्थशास्त्राचे वर्ग घेत. मात्र तो वाचून तयार झालेली माणसे ज्या कायदेकौन्सिलांत गेली, तिथे तिजोरीची किल्ली त्यांच्या हाती नव्हती. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलात पुढ्यातल्या विधेयकाखेरीज दुसऱ्या कशावरही बोलता येत नसे. १८९२ च्या सुधारणेने अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची आणि सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा दिली. पण अंदाजपत्रकावर मत घेतले जात नसे, आणि उत्तर मिळाल्यावर उपप्रश्न विचारता येत नसे. मुंबईच्या कौन्सिलात वीसपर्यंत जादा सभासद नेमता येत. त्यांतले काही नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ, दक्षिणेतील सरदार अशा संस्थांनी आणि वर्गांनी सुचवलेले असत. अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर बसे आणि बहुमत सरकारपक्षाचे असे. इंग्लंडमध्ये राजाला सभेच्या दारात यावे लागले होते. इथे सरकारच सभेच्या खुर्चीत बसले होते.

पुण्याने या कौन्सिलात आपली मोठी माणसे पाठवली. बाळ गंगाधर टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलवर निवडून आले आणि १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यामुळे त्यांचे सभासदत्व संपले. गोखले १८९९ मध्ये आले. दोघांचे मार्ग वेगळे, पण कौन्सिलाबद्दलचा हिशेब एकच होता. तिथले भाषण सरकारला मतांनी हरवू शकत नाही, म्हणून ते असे हवे की सरकारला त्याला कागदोपत्री उत्तर देणे भाग पडावे आणि बाहेर वर्तमानपत्रांतून ते लोकांपर्यंत जावे.

पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यात असे आणि कौन्सिलाची बैठकही इथे भरे. त्यासाठी १८७० च्या सुमारास बांधलेला कौन्सिल हॉल साधू वासवानी चौकाजवळ आजही उभा आहे. विभागीय आयुक्तांची कचेरी असलेल्या त्या आवाराला पुणेकर विधान भवन म्हणून ओळखतात. ऑगस्ट १९०१ मध्ये या कौन्सिलापुढे जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. लॉर्ड नॉर्थकोट गव्हर्नर होते. मुंबई इलाखा १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळातून नुकता बाहेर पडत होता, सारा थकला होता आणि हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे गहाण होत्या. सरकारची योजना अशी: थकबाकीपोटी जमीन सरकारजमा झाली की जुने बोजे उतरतात, तशी मोकळी झालेली जमीन त्याच शेतकऱ्याला परत द्यायची, पण कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, या अटीवर.

सर फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप दुहेरी होता. पहिला हक्काचा. साऱ्याच्या वसुलीचा अधिकार वापरून वंशपरंपरेने कसणाऱ्या खातेदाराला सरकार आपले कूळ करू पाहत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा व्यवहाराचा. बी-बियाण्याला आणि बैलाला शेतकरी कर्ज काढतो ते जमिनीच्या पतीवर. ती पत काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी सोय केली नाही, तर तो कोणाच्या दारात जाणार? अशी सोय म्हणजे शेतकी पेढ्या, आणि त्यांचा विषय पुण्याला नवा नव्हता. पुरंदर तालुक्यात अशी पेढी काढून पाहण्याची सर विल्यम वेडरबर्न यांची योजना १८८० च्या दशकात लंडनहून नामंजूर होऊन आली होती. विधेयकाची निकडही समजण्यासारखी नव्हती. मे महिन्यात मांडलेले विधेयक ऑगस्टमध्ये संमत करण्याचा सरकारचा आग्रह होता, आणि ज्यांच्या जमिनींचा प्रश्न त्या शेतकऱ्यांना ते नीट कळलेसुद्धा नव्हते.

मेहतांनी विधेयक लोकमतासाठी पाठवून पुढे ढकलण्याची सूचना मांडली. ती सरकारी बहुमताने फेटाळली गेली. त्यानंतर मेहता उठले आणि सभागृहाबाहेर पडले. गोखले, भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे आणि गोकुळदास पारेख हेही गेले. गोखल्यांसारख्या मवाळ, शिस्तीच्या माणसाला हे पाऊल जड गेले. गव्हर्नरांचा अनादर करण्याचा हेतू नाही, कर्तव्य म्हणून नाइलाजाने जात आहोत, असा त्यांचा सूर होता. सभात्याग हे आज रोजचे हत्यार झाले आहे. त्या काळी नामदार सभासदाने गव्हर्नरच्या देखत उठून जाणे ही इलाख्यात खळबळ उडवणारी घटना होती. १६२९ मध्ये सभासदांनी दार आतून बंद केले, कारण आत केलेल्या ठरावाला किंमत होती. १९०१ मध्ये ते दार उघडून बाहेर गेले, कारण आत बसून केलेल्या विरोधाला किंमत उरली नव्हती.

विधेयक अर्थातच संमत झाले. विरोधकांवर सावकारांची वकिली केल्याचा आरोप तेव्हा झाला. त्यांच्या भूमिकेत सावकारी हिताला सोयीचे काही होते, हेही खरे. पण घाईबद्दलचा आणि पतीबद्दलचा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली आला. तो या विधेयकाच्या आधी यायला हवा होता. दुसऱ्या बाजूने, जमीन हस्तांतरावरचे बंधन निरुपयोगी नव्हते. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ असा जो शेरा शेतकऱ्याला भेटतो, भोगवटादार वर्ग २ ची जमीन म्हणून जी ओळखली जाते, तिचे मूळ या १९०१ च्या दुरुस्तीत आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी जमिनी भूमिहीनांना दिल्या गेल्या, तेव्हा त्या पुन्हा धनिकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून हेच बंधन कामी आले.

१९०१ सालीच प्रकृतीच्या कारणाने मेहतांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलातली जागा सोडली आणि गोखले तिथे निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात त्यांनी अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण केले. लॉर्ड कर्झन अध्यक्ष होते, सर एडवर्ड लॉ अर्थमंत्री होते, आणि सरकारच्या हाती कोट्यवधींची शिल्लक होती. बहुतेक सभासदांनी त्या शिलकीबद्दल अभिनंदन केले. गोखल्यांनी ती शिल्लकच गाऱ्हाण्याचा विषय केली.

त्यांचा युक्तिवाद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. चांदी उतरत गेली तसा रुपयाही उतरला. पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९४-९५ मध्ये तेरा पेन्सांपर्यंत आला. तेवढेच पौंड भरायला अधिक रुपये लागू लागले, आणि ती तूट भरून काढायला कर वाढले. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला, १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, पुढे देशी कापडावर जकात बसली. १८९३ मध्ये टाकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या आणि काही वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारण गेले. कर मात्र राहिले. दरवर्षीची शिल्लक ही त्या राहिलेल्या करांची होती. देशात दुष्काळ आणि प्लेग चालू असताना भरलेली तिजोरी हे रयतेच्या सुबत्तेचे लक्षण नव्हे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. मग मागण्या केल्या: मिठाचा कर कमी करा, प्राप्तिकरात सूट मिळणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा पाचशेवरून हजारावर न्या, कापडावरची जकात काढा.

त्या आकड्यांमागे एका माणसाचे मोठे कष्ट होते. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर गणेश व्यंकटेश जोशी हे हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे असामान्य जाणकार होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी पूर्वी विपुल लिहिले होते, पण सरकारी नोकरीमुळे स्वतःचे नाव न घालता. पुण्याचे सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी निराळे. नामसाधर्म्याने या सोलापूरच्या जोशींचे श्रेय पुष्कळदा झाकले जाते. गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे जानेवारी १९०१ मध्ये गेले होते, त्यामुळे त्यांनी भाषणाची तयारी पत्रव्यवहारातून जोशींच्या मदतीने केली. महाराष्ट्राने गोखल्यांचे पुतळे उभारले; जोशींच्या नावाने काही उभे राहायला हवे होते.

१९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजारावर गेली. पुढे मिठाचा कर १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे सारे एका भाषणाने घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; शिल्लक हाती असताना कर कमी करणे सरकारलाही सोयीचे होते. पण कर कोणते कमी करायचे आणि कोणाचे, याची यादी गोखल्यांनी सरकारच्या पुढ्यात ठेवली होती, आणि सरकार त्या यादीने चालले. कापडाची जकात मात्र राहिली. तिच्यामागे लँकेशायरचे गिरणीमालक होते, आणि तिथे आकड्यांचे काही चालले नाही.

राज्यकर्त्यांच्या हिताला हात लागला की भाषण कुंठित होई, हा अनुभव गोखल्यांना पुन्हा पुन्हा आला. कर्झनचे विद्यापीठ विधेयक आणि सरकारी गुपितांच्या कायद्याची दुरुस्ती, दोन्ही त्यांच्या विरोधाला न जुमानता १९०४ मध्ये संमत झाली. १९०७ च्या राजद्रोही सभांच्या विधेयकाचे तेच झाले. १९०९ च्या सुधारणेने ठराव मांडण्याचा आणि त्यावर मत मागण्याचा हक्क दिला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करण्याचा गोखल्यांचा ठराव सरकारने मान्य केला; व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मिळालेले हे मोठे यश होय. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात सक्ती एकदम देशभर नव्हती; जिथली स्थानिक संस्था मागेल तिथे, सरकारच्या परवानगीने, एवढीच होती. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधात केवळ इंग्रज अधिकारी नव्हते, खर्चाला आणि सक्तीला बिचकणारे हिंदी जमीनदारही होते. गोखल्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत दूरदृष्टीची सूचना अशी संपली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

अंदाजपत्रकी भाषणाची ही परंपरा मुंबई कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेली. १९२७ च्या पहिल्याच भाषणात त्यांनी शेतसारा आणि प्राप्तिकर शेजारी ठेवले. ठराविक मर्यादेखालच्या उत्पन्नाला प्राप्तिकरात माफी, पण एक एकराच्या शेतकऱ्यालाही सारा माफ नाही. यातला अन्याय त्यांनी दाखवला. १९३५ च्या कायद्यानंतर प्रांतात लोकांना जबाबदार असलेले मंत्रिमंडळ आले आणि अंदाजपत्रकाच्या मोठ्या भागावर निवडून आलेल्या सभासदांचे मत निर्णायक ठरू लागले. मुंबई विधानसभेची पहिली बैठक १९ जुलै १९३७ रोजी पुण्याच्या त्याच कौन्सिल हॉलमध्ये भरली. त्या वर्षीच्या पुण्यातल्या अधिवेशनात, १७ सप्टेंबरला, डॉ. आंबेडकरांनी कोकणातली खोतीची जमीनदारी पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपायला मात्र १९४९ साल उजाडावे लागले.