दाणा-पाणी आणि दाखला

आमचे गाव बोरी अरब. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. हैदराबादला गेलो आणि गावाचे नाव सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "अरब? मग बारकसवाले का तुम्ही?" बारकस ही निजामाच्या फौजेतल्या अरब शिपायांची तिथली जुनी वस्ती. आम्ही सांगतो, नाही बुवा, आम्ही वऱ्हाडातले पिंजारी. अब्बांनी उभी हयात धुनकी खांद्यावर घेऊन गावोगाव गाद्या भरल्या. मग दुसरा प्रश्न येतो, "मुसलमान असून मुलं मराठी शाळेत?" आणि इकडे यवतमाळात कुणी कौतुकाने म्हणतो, "तुम्ही मराठी छान बोलता हो!" दोन्हीकडे आम्ही हसतो. हसण्याला खर्च येत नाही.

सीमा ओलांडून भाव बघणे आमच्या मुलखाला नवे नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तोवर आमचे सरकार हैदराबादलाच होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा इकडे मराठी मुलखात आले, आदिलाबाद तिकडे आंध्रात गेले. माणसे होती तिथेच राहिली. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिकडे भाव बरा असला की आमच्याकडचा कापूस चोरून पैनगंगेपलीकडे जाई. कापूस गेला, मग माणसे गेली. फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याचा धंदा बसला, तेव्हा २०१२ साली आमचे भाईजान हैदराबादला गेले. एका गादीच्या कारखान्यात कामाला लागले आणि पुढे टोलीचौकीच्या बाजूला स्वतःचे छोटे दुकान टाकले. २०१८च्या मे महिन्यात त्यांनी भाभी आणि दोन्ही मुलांनाही नेले. मुलीची दहावी इथल्या मराठी शाळेतून झाली होती, मुलगा सहा वर्षांचा होता. सामान एकाच ट्रकमध्ये गेले.

२०१९च्या बकरी ईदला भाईजान आले आणि म्हणाले, "तुम्ही पण चला. आधी पूरा हिसाब लगाके देखो." आम्ही कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने पाडले. एक बोरी, एक हैदराबाद.

कमाई : बोरीत महिन्याकाठी नऊ-दहा हजार, तीही सीझनवर. तिकडे अठरा-वीस. घर : बोरीत स्वतःचे. तिकडे दोन खोल्यांचे भाडे साडेसात हजार, म्हणजे कमाईतला फरक बराचसा तिथेच संपला. धान्य : तेव्हा महाराष्ट्रात माणशी पाच किलो, गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये. तेलंगणात माणशी सहा किलो तांदूळ, एक रुपया किलो. भाईजानने या ओळीवर बोट ठेवले. अम्मी म्हणाल्या, "आणि भाकरी?" खरेच, आम्ही भाकरी-पोळी खाणारी माणसे. एक रुपयाचा तांदूळ आणला, तरी ज्वारी आणि गहू बाजारभावानेच घ्यावे लागणार होते. स्वस्त काय आहे यापेक्षा ताटात काय लागते, ते आधी बघावे, हे अम्मींनी आम्हाला एका शब्दात शिकवले.

शिक्षणाच्या ओळीत मात्र हैदराबाद जड होते. तेलंगण सरकारने २०१६ पासून अल्पसंख्याकांसाठी निवासी शाळा काढल्या. राहणे, जेवण, पुस्तके फुकट आणि माध्यम इंग्रजी. अशा शाळा पुढे दोनशेवर गेल्या. आंध्रात २००७ पासून मुस्लिमांतील मागास गटांना चार टक्के आरक्षण मिळाले, ते तेलंगणातही चालू राहिले. आपल्याकडे जुलै २०१४मध्ये पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला. त्याच वर्षी हायकोर्टाने नोकरीतल्या भागाला स्थगिती दिली, शिक्षणातला भाग राहू दिला. पण पुढे कायदाच झाला नाही आणि अध्यादेश बाद झाला. मुलीच्या लग्नासाठी तिकडे 'शादी मुबारक'चे २०१४ साली ५१ हजार होते, २०१८ला ते १ लाख ११६ झाले. भाईजान ही रक्कम दोनदा बोलले. भाभी गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "लग्नाचं नंतर पाहू, पोरीला डॉक्टर व्हायचं आहे."

बेरीज हैदराबादच्या बाजूने आली. फार नाही, पण आली. तरी अम्मी हलायला तयार नव्हत्या. अब्बांची कबर इथे आहे एवढेच त्या म्हणत. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. वर्ष पुरे होऊ द्यावे, मग बघू, असे ठरले.

ते वर्ष संपता संपता लॉकडाऊन आले, आणि २०२०च्या शेवटी भाईजानच्या मुलीची गोष्ट उलगडली. तिने हैदराबादेतून बारावी केली, नीट परीक्षा दिली, गुण बरे पडले. महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश घ्यायचा, तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. तिची दहावी बोरीची, बारावी हैदराबादची. तेलंगणात स्थानिक धरायचे, तर बारावीपर्यंतची सलग चार वर्षे तिथे शिकलेली लागतात. तिची दोनच भरली. देशभरासाठी असलेल्या पंधरा टक्के जागांत लढायला तेवढे गुण पुरेसे नव्हते. पोरगी कुठेच नापास झाली नव्हती. दोन राज्यांच्या मधल्या फटीत ती पडली होती.

भाईजानला वाटले, जातीचा दाखला कामी येईल. महाराष्ट्राने १९९४ साली मुस्लिम समाजातल्या मागास जाती ओबीसीत घेतल्या, त्यात पिंजारी आहेत. तिकडच्या मागासांच्या यादीतही दूदेकुला, लद्दाफ यांच्या बरोबर पिंजारी हे नाव आहे. तोच कापूस, तीच धुनकी, तेच नाव. पण एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. केंद्र सरकारच्या संस्थांत तो चालतो, राज्याच्या कॉलेजात नाही. याचे मूळ १९९०च्या एका सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. ते प्रकरण नेमके उलट्या दिशेचे होते. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत वाढला आणि त्याने इथल्या मेडिकल कॉलेजात राखीव जागा मागितली. न्यायालयाने सांगितले, जात किंवा जमात ज्या राज्याच्या संदर्भात मागास ठरली, सवलत त्या राज्यात. म्हणजे पैनगंगेच्या पुलावरून जाताना माणूस जात बरोबर नेतो, दाखला मात्र अलीकडेच राहतो.

गंमत अशी, की त्याच २०२० साली, १ जानेवारीपासून, महाराष्ट्र आणि तेलंगणसह बारा राज्यांत रेशनकार्ड कुठेही चालू लागले. आमचे बोरीचे कार्ड दाखवून हैदराबादेत धान्य घेता येऊ लागले. केंद्राच्या हिशेबाने, पाच किलोच. तिकडचा जास्तीचा किलो आणि एक रुपयाचा भाव तिकडच्या कार्डालाच. पण मिळू तरी लागले. पोट सीमेपलीकडे गेले, शिक्षणाचा हक्क जाऊ शकला नाही. आमच्या कॅलेंडरवर दुधाचा भाव होता, सिलेंडरचा होता, बसचे भाडे होते. पोरीच्या वर्गाचा रकाना नव्हता.

तेव्हा आम्ही ठरवले, आमच्या मुलीची बारावी होईपर्यंत बोरी सोडायची नाही. पुढची लढाई कागदांची होती. ओबीसीची पडताळणी करायची, तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसते 'मुसलमान' लिहिलेले. गुरुजींनी पूर्वी असेच लिहिले, वडीलधाऱ्यांनीही धंद्याचे नाव सांगायला संकोच केला. समाजातल्या किती घरांची मुले या एका शब्दापाशी अडली असतील! आम्ही जुन्या दाखल-खारीज रजिस्टरची पाने उलटवीत बसलो. दोन दिवसांनी अब्बांच्या थोरल्या भावाची नोंद सापडली. नाव, जन्मतारीख, आणि पुढे निळ्या शाईत 'पिंजारी'. वंशावळ जोडली, प्रतिज्ञापत्र केले, हेलपाटे घातले, पडताळणी झाली. २०२४ला मुलगी बारावी झाली आणि त्याच कागदावर तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला.

याचा अर्थ कुणी गाव सोडू नये, असा नाही. रिजक जिकडे असेल तिकडे माणूस जाणार. भाईजानचे दुकान आज बरे चालते. बोरीत राहून आम्ही पैशाने मागेच आहोत, हे कबूल केले पाहिजे. म्हणणे एवढेच, की परराज्यात जाणाऱ्या घराने भाडे आणि तांदूळ मोजण्याआधी मुले कितव्या वर्गात आहेत ते मोजावे. नववीच्या आधी जावे, नाही तर बारावीनंतर. नववी ते बारावी ही चार वर्षे दोन राज्यांत वाटू नयेत. निघण्याआधी आजोबा-पणजोबांच्या नोंदीच्या सही-शिक्क्याच्या नकला काढून ठेवाव्यात. नोंद सापडेल की नाही ते नशिबाचे, शोधायची मात्र आपल्यालाच.

भाईजानच्या मुलीने बी.एस्सी. केले. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने कधी कुणाला बोल लावला नाही. तिचा धाकटा भाऊ मात्र पहिलीपासून तिथेच शिकला. तो बारावी होईल तेव्हा तिथला स्थानिक विद्यार्थी धरला जाईल. दोघे एकाच आईबापाची, एकाच दिवशी, एकाच ट्रकमधून गेलेली.

गेल्या ईदला भाईजान आले, तेव्हा त्यांनी त्या रजिस्टरच्या पानाची नकल मागितली. तिकडे ती चालणार नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही झेरॉक्स काढून दिली. त्यांनी दारव्ह्याला थांबून ती लॅमिनेट करून घेतली आणि बॅगेत कपड्यांच्या खाली सपाट ठेवली.