गुळव्याची लेक आणि केकचे आयसिंग

केकवर लावायचे कॅरॅमलचे आयसिंग घरीच करावे, असे मी गेल्या वर्षी ठरवले, तेव्हा मनात काटकसरीचा विचार होता. धाकटीचा वाढदिवस होता. केक मी कुकरमध्ये करतेच. पण वरचा थर तालुक्याच्या दुकानातल्यासारखा हवा, हा तिचा हट्ट.

पहिला पाक करपला. कढईत साखर कोरडीच वितळवायची असते. मी क्षणभर दाराशी गेले, तेवढ्यात ती काळी, कडू झाली. दुसऱ्या वेळी रंग साधला, पण थर चिक्कीसारखा टणक झाला, सुरी चालेना. साखर गेली, दूध गेले, लेक रडवेली झाली.

ओसरीवर आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, बसल्या होत्या. त्यांचे वडील गुळव्या. आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळात काहील केव्हा उतरवायची, हे गुळव्याच सांगतो. आमचे गुऱ्हाळ बंद होऊन ऊस कारखान्याला जाऊ लागला, तेव्हापासून आत्याबाईंना पाकाचे कुणी काही विचारले नव्हते. मीही नाही.

"पाण्यात गोळी बघितलीस का गं?" त्यांनी विचारले. मी गप्प. त्या उठून आत आल्या.

तिसऱ्या वेळी असे केले. दीड वाटी साखर, पाऊण वाटी साईसकट दूध आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पातेल्यात तापत ठेवला. सोड्याने दूध फाटण्याची भीती कमी होते, पण फेस वर येतो, म्हणून पातेले मोठे घ्यावे. दुसरीकडे अर्धी वाटी साखर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वितळवली. मधासारखा तांबूस रंग येताच ती बेताबेताने गरम दुधात ओतली. ही साखर १६० अंशांच्याही पुढे तापलेली असते, उकळत्या पाण्याहून कितीतरी कढत. तेव्हा मुलांना दूर ठेवा.

मग मिश्रण आटू दिले. आत्याबाईंनी वाटीभर गार पाण्यात थेंब टाकला. तो नुसताच पसरला. "अजून कच्चा हाय." पुन्हा टाकला. आता बोटांनी गोळी वळली, पण दाबताच चपटी झाली. "बास! म्होरं गेलीस, तर दगड हुईल." ही मऊ गोळी साधारण ११५ अंशांना येते, हे मला मागाहून कळले.

पातेले उतरवून २ चमचे लोणी व चिमूटभर मीठ घातले. कोमट होईपर्यंत हात लावला नाही. गरम असताना ढवळले, की पाक रवाळ होतो. नंतर लाकडी चमच्याने एकसारखे घोटले. चकाकी जाऊन दाटपणा येताच, पूर्ण गार झालेल्या केकवर झटपट पसरले. फारच घट्ट झाले, तर चमचाभर गरम दूध घालावे.

आत्याबाई अंडे खात नाहीत. त्यांनी पातेल्याची कड बोटाने निपटून चाखली आणि म्हणाल्या, "ही तर गुळाचीच जात की गं!"

यंदा संक्रांतीच्या वड्यांचा पाक त्यांनीच उतरवला. तुमच्याही ओसरीवर असे कुणी बसले असेल. साखर चुलीवर ठेवण्याआधी त्यांना एक हाक मारा.